पडून राहिलेली गाडी

शर्यतीची रिमोट गाडी बहुधा धडकेने मरते. कठड्यावर आपटते, पुढच्या चाकाचा हात तुटतो आणि मालकाचा उत्साह तिथेच संपतो. क्रॉलर जातीच्या रिमोट गाडीचा वेग मुळात माणसाच्या चालीएवढा, कित्येकदा त्याहून कमी. दगड, झाडांची मुळे, ओढ्याचा काठ अशा जागी इंचाइंचाने चढायचे, हे तिचे काम. चढता चढता ती उलटते, दोन कोलांट्या खाते आणि मालक तिला पुन्हा चाकांवर उभी करतो. अशा गाडीला धडक क्वचितच मारते. तिला मारते पाणी. आणि त्याहून जास्त, ते पाणी अंगात मुरवून बाल्कनीतल्या कपाटात वर्षानुवर्षे पडून राहणे. बेअरिंग गंजतात, ग्रीस वाळते, बॅटरी फुगते, टायरचे रबर कडक होते. बघणाऱ्याला गाडी मेलेली वाटते आणि विकणाराही ती मेलेल्याच्या भावात देऊन टाकतो. यातले निम्मे रोग मात्र धुऊन, पुसून, तेल घालून जाणारे असतात. म्हणून कमी पैशांत क्रॉलर उभी करणाऱ्याने खरेदी सगळ्यात शेवटी करावी. बहुतेक जण नेमके उलटे करतात: गाडी घरी आली की आधी नवी मोटर मागवतात.

जुनी क्रॉलर शोधायला के. आर. पुरम वाईट जागा नाही. पूर्व बंगळूरचा हा भाग बाहेरच्यांना माहीत असतो तो टिन फॅक्टरीच्या वाहतूक कोंडीमुळे आणि रेल्वेरुळांवरच्या केबलांनी तोललेल्या पुलामुळे, ज्याला सगळे हँगिंग ब्रिज म्हणतात. त्याला लागून दूरवाणीनगर. तिथे १९४८ साली इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना सुरू झाला आणि देशातल्या असंख्य घरांतले तबकडीचे फोन इथून बाहेर पडले. पलीकडे रेल्वेची डिझेल लोको शेड. म्हणजे सोल्डरिंगचा डाग आणि ग्रीसचा वास या वस्तीला आयटीच्या आधीपासून ओळखीचा आहे. आता जुन्या मद्रास रस्त्यापासून व्हाइटफील्डपर्यंत सोसायट्या उभ्या आहेत, त्यांत नोकरी बदलली की शहर बदलणारी माणसे राहतात. शहर बदलताना पहिली गळते ती कपाटातली चिखल लागलेली गाडी. ती सोसायटीच्या ग्रुपवर येते, जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर येते, नाहीतर थेट गुजरीवाल्याकडे जाते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जी नजर लावून फिरावे लागते, तीच इथे लागते.

नवी का घेत नाही, याचे उत्तर सीमाशुल्कात आहे. २०२० च्या अर्थसंकल्पात आयात खेळण्यांवरचे शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले, २०२३ मध्ये ७० टक्के झाले. चालणारी प्रमाणबद्ध मॉडेलेही त्याच शीर्षकाखाली मोडतात, त्यामुळे मोठ्या माणसाचा छंदही खेळण्याच्याच करात सापडला. रिमोट हे बिनतारी उपकरण, त्याला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची मंजुरी लागते. त्यात नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्सप्रेसवर बंदी आली आणि चिनी गाड्यांचे चिल्लर सुटे भाग मागवायचा सोपा रस्ता बंद झाला. हौशी माणसाचे धोरणाशी भांडण असू शकते, पण या कारणांमुळे आपल्याकडे दुरुस्तीला अमेरिकेपेक्षा जास्त अर्थ आहे हेही खरे.

गाडी पाहताना पहिला प्रश्न असा: ती सुटी होते का? तामियाने १९८७ मध्ये क्लॉड बस्टर हा दोन मोटरींचा, चारही चाके वळणारा मॉन्स्टर ट्रक काढला आणि हौशी मंडळींनी त्याचे अ‍ॅक्सल घेऊन दगडांवर चढणाऱ्या गाड्या घरी बांधल्या. पुढे अ‍ॅक्सियलची एससीएक्स१० आणि २०१७ मध्ये ट्रॅक्ससची टीआरएक्स-४ आली तेव्हा हा घरगुती उद्योग तयार डब्यात मिळू लागला. या गाड्यांतला प्रत्येक भाग वेगळा निघतो आणि वेगळा विकत मिळतो. स्वस्तात येणाऱ्या चिनी गाड्यांपैकी डब्ल्यूपीएलची १:१६ मापाची सी२४ आणि एमएनची १:१२ मापाची डी९० याही स्क्रूने सुट्या होतात, म्हणून त्याही घ्यायला हरकत नाही. मॉलमधल्या ज्या गाडीचे रिसीव्हर, स्पीड कंट्रोल आणि दिवे एकाच हिरव्या पट्टीवर असतात आणि ती पट्टी जळलेली असते, ती मात्र पोराला ढकलायला द्यावी.

विकणाऱ्याच्या दारात बॅटरी लावून पाहायचा मोह आवरावा. गाडी उलटी धरा आणि हाताने चाक फिरवा. क्रॉलरच्या अ‍ॅक्सलमधला डिफरन्शियल बहुधा मुद्दाम लॉक केलेला असतो, म्हणजे डावे चाक फिरवले की उजवेही त्याच दिशेने फिरायला हवे. मोटारीत वळणावर सोयीचा असलेला डिफरन्शियल दगडावर घात करतो: एक चाक हवेत लटकले की सगळी ताकद त्या मोकळ्या चाकात वाहून जाते. एकच चाक फिरले तर कुठेतरी शाफ्ट तुटला आहे किंवा पिन निसटली आहे. फिरताना करकर लागली तर बेअरिंग. मध्येच टक्कन उडी मारली तर गिअरचा दात गेला. बेअरिंगसाठी भाव पाडता येतो, अ‍ॅक्सलमधल्या गिअरसाठी जास्त पाडावा. फ्रेमचे पत्रे वाकलेत का आणि स्क्रूंची डोकी शाबूत आहेत का, तेही बघा. डोकी गोल झालेली गाडी म्हणजे आधीच्या मालकाने चुकीच्या पान्याने केलेली खटपट, आणि त्या खटपटीने आत काय करून ठेवले असेल सांगता येत नाही.

घरी आल्यावर पहिले काम स्क्रूंचे, आणि इथे पैसे वाचवू नयेत. सायकलच्या दुकानातली एल आकाराची अ‍ॅलन की बाजूला ठेवा, १.५, २ आणि २.५ मिलिमीटरचे चांगल्या पोलादाचे हेक्स ड्रायव्हर घ्या. लाल माती स्क्रूच्या खाचेत दगडासारखी बसते, ती सुईने कोरून काढल्याशिवाय ड्रायव्हर पूर्ण आत जात नाही आणि डोके सोलले जाते. धातूत बसवलेला स्क्रू हलत नसेल तर त्यावर थ्रेडलॉक, म्हणजे आटा पकडून ठेवणारा गोंद, असतो. सोल्डरिंग आयर्नचे टोक स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवा, तो मऊ पडतो. सोललेल्या डोक्यात हॅकसॉच्या पात्याने खाच पाडून चपटा स्क्रूड्रायव्हर लावता येतो. आणि परत जोडताना एक सवय लावून घ्या: प्लॅस्टिकमधला स्क्रू आधी उलटा फिरवायचा. जुना आटा सापडला की बारीकशी टिक जाणवते, मग सरळ आवळायचा. नाहीतर स्क्रू दर वेळी नवा आटा पाडतो आणि चौथ्या-पाचव्या वेळी भोक नुसतेच उरते. थ्रेडलॉक धातू धातूत बसतो तिथेच लावायचा. कित्येक प्लॅस्टिकना त्याने तडे जातात.

सुट्या केलेल्या भागांची धुलाई साबणाच्या कोमट पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने. बेअरिंग, मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्स अर्थात आधी काढून. नायलॉनच्या प्लॅस्टिकबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ही गोष्ट फुकट आहे आणि फारशी कोणी करत नाही. क्रॉलरचे अ‍ॅक्सल, सस्पेन्शनच्या लिंकची टोके, शाफ्ट हे बऱ्याचदा नायलॉनचे असतात. नायलॉन हवेतला ओलावा शोषतो आणि त्या ओलाव्यामुळेच चिवट राहतो. उन्हाळाभर गच्चीच्या पत्र्याखाली वाळलेला नायलॉन ठिसूळ होतो आणि पहिल्याच दगडावर कटकन मोडतो. असे भाग उकळत्या पाण्यात थोडा वेळ ठेवले की ते पुन्हा ओलावा धरतात आणि लवचिक होतात. ठिसूळ झालेले भाग फेकून नवे मागवण्याआधी हा उपाय करून बघावा. पातेले अर्थातच स्वयंपाकाचे नको. घरच्यांचे मत यावर तुम्हाला आपसूक कळेल.

बेअरिंग हा पुढचा मुक्काम. लहान गाडीत बेअरिंगच्या जागी नुसते प्लॅस्टिकचे बुश असतात. मोठीत डझनावारी बेअरिंग. गंजलेल्या बेअरिंगची रबरी झाकणी सुईने अलगद उचलता येते. आत आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून हलवत राहा, मळके पाणी निघेल. छर्रे स्वच्छ झाल्यावर ते हवेत वाळू द्या, मग पातळ तेलाचा एकच थेंब. बोटावर फिरवून अजूनही खरखर लागली तर आतली वाट खड्ड्यांनी भरली आहे, ते बदलावे लागेल. मापाची चिंता नको. झाकणीवर क्रमांक कोरलेला असतो: एमआर११५ म्हणजे आत ५, बाहेर ११ मिलिमीटर, ६७०० म्हणजे आत १०, बाहेर १५. ही जगभराची प्रमाण मापे आहेत, रिमोट गाडीच्या दुकानातून चढ्या भावाने घ्यायची गरज नाही. सदर पत्रप्पा रोडवर, म्हणजे सगळ्या बंगळूरच्या एसपी रोडवर, खिळ्यापासून संगणकापर्यंत सगळे मिळते, के. आर. पुरमहून मेट्रोच्या पर्पल लाइनने मॅजेस्टिक, तिथे ग्रीन लाइन धरून चिकपेट. मार्च २०२३ मध्ये व्हाइटफील्डची मेट्रो सुरू झाली तेव्हा ती के. आर. पुरमलाच थांबत होती आणि बैयप्पनहळ्ळीपर्यंतचा छोटासा तुकडा बसने काढावा लागे. तो ९ ऑक्टोबरला जोडला गेला आणि एसपी रोड खरोखर जवळ आला.

आता वीज. यात सगळ्यात आधी बॅटरी, आणि बॅटरीच्या बाबतीत काटकसर नको. फुगलेली लिथियम पॉलिमर बॅटरी चार्जरला लावायची नाही, टोचायची नाही, घरच्या कचऱ्यात टाकायची नाही; ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यायची. या बॅटरीच्या एका सेलचा पूर्ण भरलेला दाब ४.२ व्होल्ट, तो ३ च्या खाली गेला की सेल आतून बिघडू लागतो. इंटरनेटवर ‘झोपलेली’ बॅटरी जागी करण्याच्या क्लृप्त्या पुष्कळ सापडतात. घर पेटवायचे नसेल तर त्या सोडून द्याव्यात. निकेल मेटल हायड्राइडची जुनी बॅटरी मात्र दोन-चारदा सावकाश भरून-रिकामी करून पाहायला हरकत नाही, ती इतकी तापट नाही.

बॅटरी मेली कशी हेही शोधा, नाहीतर नवीही तशीच जाईल. बहुतेक स्पीड कंट्रोलवर एक बारीक जंपर असतो, बॅटरी लिथियमची की निकेलची ते सांगणारा. तो निकेलवर राहिला की स्पीड कंट्रोल लिथियमच्या सेलला खालची मर्यादा लावत नाही, गाडी चालत राहते आणि सेल रिकामे होऊन मरतात. निष्काळजीपणे ठेवलेल्या क्रॉलरची बॅटरी मेलेली असण्यामागे हा जंपर वरचेवर सापडतो. सेलचा दाब ठरावीक आकड्याखाली गेला की शिट्टी मारणारी छोटी पट्टी बाजारात अगदी थोड्या पैशांत मिळते, ती ३.५ व्होल्टवर लावून ठेवावी. रिमोटच्या डब्यात पेन्सिल सेल गळून पांढरा-हिरवा थर बसला असेल तर तो अल्कली आहे, व्हिनेगरच्या बोळ्याने जातो. नंतर अल्कोहोलने पुसायचे. रिसीव्हरच्या पट्टीवरचा गंज टूथब्रश आणि अल्कोहोलने घासून वाळवा, आणि वर रंगहीन नेलपॉलिशचा हात फिरवा. कनेक्टर झाकायचे नाहीत.

मोटर. क्रॉलरमध्ये बहुधा ५४० मापाची ब्रशवाली मोटर असते आणि तिच्यावर ३५ टी, ५५ टी असे लिहिलेले असते. हे आतल्या तारेचे वेढे. वेढे जास्त तशी मोटर हळू, पण तेवढ्याच विजेत जास्त पीळ देणारी. शर्यतीची कमी वेढ्यांची मोटर क्रॉलरमध्ये बसवली की गाडी उडी मारून सुटते आणि दगडाशी अडून तापते. ब्रशवाल्या डीसी मोटरचा एक गुण असा की ती थांबलेली असताना तिचा पीळ सर्वांत जास्त असतो. रेल्वेच्या जुन्या अल्को डिझेल इंजिनांच्या अ‍ॅक्सलवर डीसी मोटर बसवत त्याचेही हेच कारण, हजारो टनांची मालगाडी उभी असतानाच ओढायची असते. पण थांबलेल्या मोटरमधून वीजही सर्वांत जास्त वाहते. चाक अडले की बोट ट्रिगरवरून काढायचे, हा नियम गाडी दुरुस्त करण्याहून तिच्या पुढच्या आयुष्यासाठी महत्त्वाचा. जुन्या मोटरला कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, दोन्ही टोकांच्या बुशांना तेलाचा थेंब, आणि कमी दाबावर थोडा वेळ मोकळी फिरवणे एवढे पुरते. पाण्याच्या ग्लासात मोटर बुडवून चालवायची एक प्रथा आहे. ज्या गाडीला पाण्यानेच मारले तिच्यावर ती मी करणार नाही.

स्पीड कंट्रोल क्रॉलरचा असेल तर ट्रिगर सोडताच गाडी उतारावर जागच्या जागी थबकते. तो मोटरच्या दोन तारा आपसांत जोडतो, फिरणारी मोटर जनित्र बनते आणि स्वतःलाच अडवते. खरे पाहता असा ब्रेक पूर्ण थांबलेल्या मोटरला धरून ठेवू शकत नाही, पण गिअरची उतरंड इतकी मोठी असते की गाडीचे घसरणे डोळ्यांना दिसत नाही. साध्या स्पीड कंट्रोलवर गाडी उतारावरून सरळ खाली धावते. हा भाग जळलेला असेल तर बदलीला ब्रेकची सोय असलेलाच घ्यावा. हीही एक जागा, जिथे पैसे घालावेत.

अशीच आणखी एक जागा स्टिअरिंगचा सर्व्हो. लॉक केलेला अ‍ॅक्सल जमिनीवर उभ्या उभ्या वळवायला प्रचंड जोर लागतो आणि गाडीबरोबर आलेला प्लॅस्टिकच्या दात्यांचा सर्व्हो बहुधा तिथेच दात गमावतो. मोठ्या गाडीला धातूच्या दात्यांचा एमजी९९६आर बाजारात तीन-चारशे रुपयांच्या आसपास मिळतो. पुण्याच्या रोबूसारख्या सुटे भाग विकणाऱ्यांमुळे तो घरपोचही येतो. कागदावर त्याचा जोर १० किलो-सेंटिमीटरच्या घरात. नकला इतक्या आहेत की प्रत्यक्षात किती ते लावल्यावरच कळते. लहान डब्ल्यूपीएलला ९ ग्रॅमचा धातूच्या दात्यांचा सर्व्हो पुरेसा. नवा सर्व्हो लावल्यावर चाक वळवताना गाडी क्षणभर झटका देऊन बंद पडू लागली तर दोष सर्व्होचा नसतो. स्पीड कंट्रोलमधून रिसीव्हरला जाणारा पुरवठा त्याची भूक भागवू शकत नाही, आणि रिसीव्हर पुन्हा सुरू होतो. तिथे वेगळा बीईसी, म्हणजे बॅटरीवरून रिसीव्हर आणि सर्व्होला पुरवठा देणारा तुकडा, जोडावा.

जोडणीत एक जागा नाजूक आहे, मोटरचा पिनियन आणि मोठा स्पर गिअर यांची बैठक. फार घट्ट झाली की मोटर तापते, सैल झाली की दात झडतात. दोन गिअरांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी चिमटून मोटर आवळायची आणि मग पट्टी फिरवून काढून घ्यायची; कागदावर दात उमटले पाहिजेत, कागद फाटता कामा नये.

टायर जुने असतील तर थोडे निराश व्हायची तयारी ठेवा. कडक झालेले रबर मऊ करायचा खात्रीचा उपाय नाही. पॉलिश पेपरने घासून वरची चकाकी काढली तर थोडा फरक पडतो, इतकेच. पण अनेकदा दोष रबरात नसून आतल्या फोममध्ये असतो. वर्षभर एकाच बाजूवर उभ्या राहिलेल्या गाडीचा फोम बसून जातो, शिवाय तो पाणी धरून ठेवतो. टायरची कड रिमवर आवळणाऱ्या बीडलॉकच्या रिंगचे स्क्रू काढले की टायर सुटतो. चिकटवलेला असेल तर रिम उकळत्या पाण्यात ठेवल्यावर गोंद ढिला पडतो. नवा फोम गाद्या आणि गाड्यांची सीट कव्हरे शिवणाऱ्याकडे कापलेल्या तुकड्यांत मिळतो, बहुधा फुकट. टायरमध्ये सैलसर बसेल एवढाच कापा. रिमला बारीक भोक नसेल तर पाडा, म्हणजे आतली हवा बाहेर जाऊन टायर दगडाच्या आकारात बसेल.

बॉडीवर फार वेळ घालवू नये. पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक बॉडीला तडा गेला असेल तर तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडा, तडा पुढे सरकत नाही. मग आतून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा रबरी गोंदाने चिकटवा. एबीएसच्या जाड बॉडीला त्याच प्लॅस्टिकचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून केलेली लगदी चालते. पॉलिकार्बोनेटला मात्र अ‍ॅसिटोन लावू नका, ते जागच्या जागी धुरकट होऊन तडकते. ओरखडे आणि उडालेला रंग तसाच ठेवावा असे माझे मत आहे. खरा ट्रकही दगडांत जाऊन तसाच दिसतो, आणि रंगाचे डबे हा या कामातला सगळ्यात फसवा खर्च आहे.

पहिली चाचणी कुठे घ्यायची, याची बंगळुरात अडचण नाही. सगळे शहर जुन्या नाइस खडकावर बसले आहे. लालबागेत त्याचा उघडा उंचवटा दिसतो आणि तो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, तिथे गाडी न्यायची नाही. पण के. आर. पुरमच्या कुठल्याही गल्लीत बांधकामासाठी टाकलेल्या ग्रॅनाइटच्या फरशांचा आणि दगडांचा ढीग सापडतो. खडबडीत ग्रॅनाइटवर टायर छान पकडतात, त्यावर बारीक धूळ बसली असेल तर मुळीच नाही, म्हणून आधी झाडणीने झाडून घ्या.

तिथे एक फळी दगडाला टेकवून तिचा चढ वाढवत जा. गाडी मागे उलटली तर वजन वर आणि मागे आहे. बॅटरी पुढे सरकवा, मोटरच्या जवळ. तरीही उलटली तर वजन पुढच्या चाकांत घाला. परदेशी मंडळी यासाठी पितळेचे महागडे भाग घेतात. जुन्या मद्रास रस्त्यावरच्या टायरवाल्याकडे मोटारीच्या चाकांना बॅलन्सिंगसाठी लावायच्या चिकटपट्ट्या असतात, ५ आणि १० ग्रॅमच्या. पुढच्या दोन रिमच्या आतून त्या सारख्या वजनाने लावायच्या. मागे लावायच्या नाहीत. पट्टी शिशाची असेल तर लावून झाल्यावर हात साबणाने धुवायचे. चढ पुन्हा वाढवायचा, आणि गाडी आता मागे न उलटता टायर घसरून थांबू लागली की पट्ट्या लावणे बंद करायचे. त्यापुढचा प्रत्येक जास्तीचा ग्रॅम सर्व्हो आणि अ‍ॅक्सलच्या गिअरांना वाहावा लागतो.